भाजल्यानंतर काय करावे तेही छापा: केस काढण्याचे क्रीम बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
केस काढण्याचे क्रीम बनवणाऱ्या कंपन्यांचे संचालक, तेथील रसायनतज्ज्ञ आणि वेष्टनावरचा मजकूर मंजूर करणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि अशा क्रीममुळे पोळलेली किंवा पुरळ उठलेली त्वचा तपासणे हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग आहे. आपल्या उत्पादनावर बंदी आणावी अशी मागणी मी करत नाही, हे आधीच स्पष्ट करते. या क्रीमने ब्लेडसारखे कापत नाही, वॅक्सिंगसारखे दुखत नाही आणि काही मिनिटांत काम होते, म्हणून असंख्य स्त्रीपुरुष ते वापरतात व त्यांतल्या बहुतेकांना काही त्रास होत नाही. माझी तक्रार आहे ती वेष्टनावर जे छापलेले नसते त्याबद्दल. क्रीम किती जाड थरात लावावे, किती मिनिटे ठेवावे, सोबतच्या पट्टीने ते कोणत्या दिशेने काढावे हे आपण चित्रे काढून समजावता. त्वचा भाजली तर काय करावे याच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येते: जळजळ झाल्यास त्वरित धुवावे, त्रास कायम राहिल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. या वाक्यातल्या स्वल्पविरामाच्या जागी रुग्णाची एक रात्र, कधी कधी तीन दिवस जातात, आणि साधी लाली राहायची ती जखम व्हायची हे पुष्कळदा याच काळात ठरते.

असाच एक वरचा ओठ पाहिल्याचे सांगते. क्रीम लावल्याला तिसरा दिवस उजाडला होता. नाकाखाली दोन्ही बाजूंना, पट्टी ठेवून आखावी इतकी सरळ कड असलेला लाल चौकोन होता. त्याच्या आत त्वचेचा वरचा पापुद्रा निघून ओलसर पृष्ठभाग दिसत होता, आणि त्यावर पिवळट खपली धरू लागली होती. बोलण्यासाठी तोंड उघडले की खपलीला भेग पडून पाणी सुटत होते. काय काय लावले असे विचारल्यावर यादी निघाली: आग व्हायला लागल्यावर कागदी रुमालाने क्रीम पुसले, दोन ओंजळी पाणी मारले, मग बर्फ, मग टूथपेस्ट, रात्री घरात पडलेले एक मलम, ज्यात कडक स्टेरॉइड होते, आणि सकाळी डाग दिसू नये म्हणून त्यावर मेकअप. या सगळ्या यादीत पाणी सर्वांत कमी वेळ वापरले गेले होते. माझ्याकडे येणारे फारसे वेगळे काही करून आलेले नसतात; मलमांची नावे तेवढी बदलतात. त्यांना निष्काळजी म्हणण्याची माझी तयारी नाही. आग होत असताना माणूस जे हाती लागेल ते लावतो, आणि त्या क्षणी त्याच्या हातात आपलीच ट्यूब असते. तिच्यावर योग्य माहिती असती तर त्याने तीच वाचली असती.

क्रीमचे रसायन आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे, तरी हे पत्र आपल्या ग्राहकांनीही वाचावे अशी इच्छा असल्यामुळे ते थोडक्यात मांडते. केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात आणि त्यातील सिस्टीनचे घटक गंधकाच्या बंधांनी एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. क्रीममधील कॅल्शियम किंवा पोटॅशियम थायोग्लायकोलेट हे बंध तोडते. केस फुगतो, मऊ होतो आणि पट्टीने खरवडल्यावर निघून येतो. हे काम काही मिनिटांत व्हावे म्हणून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सोडियम हायड्रॉक्साइड यांसारखे अल्क घालून मिश्रणाचा सामू, म्हणजे पीएच, १२ च्या आसपास नेला जातो. युरोपीय संघाच्या सौंदर्यप्रसाधनविषयक नियमांत अशा क्रीमसाठी थायोग्लायकोलिक आम्लाची कमाल मर्यादा ५ टक्के आणि सामूची मर्यादा १२.७ अशी घातलेली आहे, ती उगाच नव्हे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ५ असतो. सामूच्या मापात एक अंक वाढला की अल्कधर्मीपणा दहापट वाढतो, म्हणजे ५ पासून १२ पर्यंतचे अंतर एक कोटी पटींचे होते. त्वचेचा सर्वांत वरचा थरही केराटिनचाच आहे. त्यात गंधकाचे बंध केसांपेक्षा कमी असतात आणि त्यामुळे केस आधी विरघळतो, त्वचा नंतर. या ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्यामधली काही मिनिटे म्हणजेच आपल्या उत्पादनाची सगळी सुरक्षितता. ज्याची त्वचा पातळ आहे, नुकतीच दाढी केल्याने ओरखडलेली आहे, गरम पाण्याच्या अंघोळीने फुगलेली आहे किंवा मुरुमांसाठीच्या ट्रेटिनॉइन, ॲडापलीनसारख्या औषधाने सोललेली आहे, त्याच्या बाबतीत ही मिनिटे आणखी कमी होतात.

अल्काने भाजणे हे आम्लाने भाजण्यापेक्षा फसवे असते. तीव्र आम्लामुळे पृष्ठभागावरची प्रथिने गोठतात आणि तो गोठलेला थर आम्लाला खाली जाण्यापासून काहीसा अडवतो. अल्क प्रथिने विरघळवतो आणि मेदाचे साबणीकरण करतो, म्हणजे मेदाचा साबण बनवतो, त्यामुळे त्याला खाली उतरायला वाट मोकळी होत जाते. क्रीम धुताना त्वचा बुळबुळीत लागते, ती याच कारणाने. वरचे क्रीम पुसून टाकले म्हणजे काम संपले असे रुग्णाला वाटते, पण आत शिरलेला अल्क तेवढ्याने जात नाही. दोन ओंजळी पाणी म्हणूनच पुरत नाही.

भाजल्यावर पहिल्यांदा काय करावे याबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद नाहीत, आणि ते छापायला दहा ओळींपेक्षा जास्त जागा लागत नाही. वेळ पूर्ण झाली असो वा नसो, आग किंवा तीव्र चुणचुण होऊ लागताच क्रीम मऊ कापडाने किंवा पट्टीच्या बोथट कडेने, न घासता, अलगद उचलून काढावे. क्रीम लागलेले कपडे आणि दागिने उतरवावेत. त्यानंतर ती जागा वाहत्या, थंडसर पाण्याखाली किमान २० मिनिटे धरावी. घड्याळ लावून २० मिनिटे, कारण आग होत असताना दोन मिनिटेही खूप वाटतात. पाणी वाहते असावे, आणि ते निरोगी त्वचेवरून, विशेषतः डोळ्यांकडे किंवा जांघेकडे, ओघळणार नाही अशा बेताने अंग धरावे. टबात किंवा बादलीत बुडवून ठेवल्यास तेच अल्कमिश्रित पाणी अंगाला लागत राहते. २० मिनिटांनंतरही त्वचा बुळबुळीत लागत असेल किंवा आग परत सुरू झाली तर आणखी धुवावे. रुग्णालयात आम्ही अशा वेळी त्वचेवर सामू मोजायचा कागद लावून पाहतो आणि तो पूर्ववत होईपर्यंत धुणे थांबवत नाही.

साबण लावू नये, कारण बहुतेक साबण स्वतःच अल्कधर्मी असतात. बर्फ थेट लावू नये. आधीच दुखावलेल्या त्वचेला थंडीने दुसरी इजा होते. लिंबू किंवा व्हिनेगर लावून अल्काचा परिणाम मारण्याची कल्पना शाळेतल्या रसायनशास्त्रातून आलेली असते आणि ती कागदावर बरोबरही दिसते, पण घरात कोणी प्रमाण मोजून ओतत नाही. त्या क्रियेतून उष्णता निर्माण होते आणि सोललेल्या त्वचेवर आम्लाची भर पडते ती वेगळीच. टूथपेस्टबद्दल जास्त लिहिण्याची गरज नाही. तिने फक्त जखम झाकली जाते आणि मला ती खरवडून काढत बसावे लागते.

डोळ्यात क्रीम गेले तर मात्र या पत्रातले बाकी सगळे बाजूला ठेवावे. पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान २० मिनिटे पाण्याची धार सोडावी, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुताधुता काढावी आणि डोळा बरा वाटला तरी त्याच दिवशी, थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा अल्काने पोळला तर नजर कायमची अधू होऊ शकते. लहान मुलाने क्रीम तोंडात घातले तर तोंड पुसून, चूळ भरायला लावून तातडीने रुग्णालय गाठावे. उलटी करवू नये, कारण अन्ननलिका दुसऱ्यांदा पोळते.

धुऊन झाल्यावरचा प्रश्न असा, की हे भाजणे आहे की ॲलर्जी. रुग्ण दोन्हींना ‘रिॲक्शन’ म्हणतात आणि आपणही वेष्टनावर दोन्हींची मोट एकाच शब्दात बांधता, पण त्यांचे उपचार आणि पुढचे आयुष्यभराचे नियम वेगळे आहेत. रसायनाने होणारा दाह क्रीम अंगावर असतानाच किंवा त्यानंतरच्या काही तासांत सुरू होतो, त्यात आग आणि दुखणे जास्त असते, आणि तो क्रीम जिथे लागले त्याच हद्दीत राहतो. वर सांगितलेला सरळ कडेचा चौकोन त्याचेच उदाहरण. तो कोणालाही होऊ शकतो, अगदी पहिल्याच वापरात. ॲलर्जीचा त्वचादाह बहुधा एक ते तीन दिवसांनी उगवतो, त्यात खाज प्रमुख असते, बारीक पाणीदार पुटकुळ्या येतात, आणि पुरळ क्रीमची हद्द ओलांडून पसरते. आधी कित्येकदा बिनतक्रार वापरलेल्या क्रीमने तो होतो, म्हणून रुग्ण क्रीमवर संशयच घेत नाही. ‘इतकी वर्षे हेच वापरते’ हे वाक्य मला ॲलर्जीच्या विरोधातला पुरावा म्हणून ऐकवले जाते. खरे तर शरीराला ॲलर्जी जडायला तो पदार्थ आधी भेटलेला असावाच लागतो. ॲलर्जी थायोग्लायकोलेटपेक्षा क्रीममधील सुगंध, परिरक्षके म्हणजे क्रीम टिकवणारी द्रव्ये, किंवा लॅनोलिन म्हणजे लोकरीतला मेद यांची असण्याची शक्यता लक्षात ठेवावी लागते. याशिवाय तिसरा प्रकार पित्तासारख्या गांधींचा: काही मिनिटांत उठणाऱ्या, जागा बदलणाऱ्या, खाजऱ्या गांधी. त्या बहुधा काही तासांत विरतात, पण ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चक्कर आली तर तो जिवावरचा प्रसंग असतो आणि रुग्णवाहिका बोलवावी लागते.

नुसती लाली आणि आग असेल, त्वचा अखंड असेल, तर उपचार साधा आहे आणि तो घरी करता येतो. भरपूर धुतल्यावर जागा टिपून कोरडी करावी, पांढऱ्या व्हॅसलिनचा, म्हणजे सुगंध नसलेल्या पेट्रोलियम जेलीचा, पातळ थर द्यावा, सैल सुती कपडे घालावेत आणि दुखत असल्यास पॅरासिटामॉल घ्यावे. दिवसातून तीनचार वेळा थंडसर ओल्या कापडाची घडी दहापंधरा मिनिटे ठेवल्याने आग बरीच कमी होते. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचे, म्हणजे सौम्य स्टेरॉइडचे, मलम अखंड त्वचेवर दिवसातून एकदा किंवा दोनदा, काही दिवसांपुरते लावता येते. एका आठवड्यापलीकडे स्वतःच्या मनाने लावू नये आणि चेहरा, पापण्या व जननेंद्रिये या भागांवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये. अशी लाली बहुधा आठवडाभरात निवळते आणि वरची कातडी पापुद्र्यांनी सुटते. ते पापुद्रे ओढू नयेत.

स्टेरॉइडबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण या प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान तेथे होताना पाहते. शरीराच्या सर्व भागांची त्वचा औषध सारख्याच प्रमाणात शोषत नाही. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या पुढच्या भागावरून जेवढे शोषले गेले त्याच्या सुमारे ४२ पट वृषणाच्या त्वचेवरून शोषले गेल्याचे आढळले. हा आकडा दोन्ही बाजूंनी बोलका आहे. त्या भागात लावलेले क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड त्वचा पातळ करते, रेषा पाडते आणि बुरशीला आमंत्रण देते. आणि तीच त्वचा आपले क्रीमही सहजपणे आत घेते. ‘जननेंद्रियांवर वापरू नये’ ही सूचना आपण छापता, पण ती वीस इतर सूचनांच्या रांगेत, त्याच अक्षरांत असते. मांडीच्या सांध्यापर्यंत क्रीम चालते आणि त्यापुढे चालत नाही, ही सीमा शब्दांत सांगून कळत नाही. क्रीम कसे लावावे याची चित्रे आपण काढताच. कुठे लावू नये याचे एक चित्र काढायला हरकत काय आहे, हे मला आजवर उमगलेले नाही.

फोड आले, त्वचा सोलली किंवा लस गळू लागली की स्टेरॉइडचे मलम वर्ज्य आणि जखमेचे नियम लागू. फोड मुद्दाम फोडू नयेत, त्याची कातडी हे सर्वांत चांगले आवरण असते. आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्याने धुऊन, पेट्रोलियम जेली लावून, जखमेला न चिकटणारी पट्टी सैलसर बांधावी आणि ती रोज बदलावी. सरसकट प्रतिजैविक मलम लावण्याची गरज नसते. अशा मलमांतल्या निओमायसिनची ॲलर्जी पुष्कळांना असते आणि बधिर करणाऱ्या बेंझोकेनच्या जेलीचीही, त्यामुळे एका त्वचादाहावर दुसरा चढतो आणि मग मूळ दोषी कोण हे शोधणे मलाही अवघड जाते. भाजण्यावरचे म्हणून प्रसिद्ध असलेले सिल्व्हर सल्फाडायझिन उथळ जखमेवर फायद्याचे ठरत नाही, उलट जखम भरण्याचा काळ लांबवू शकते. जखम उघडी असेल तर धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते डॉक्टरांना सांगावे. फोड आलेली उथळ जखम साधारण दोन ते तीन आठवड्यांत भरते. तीन आठवडे उलटूनही भरली नाही तर व्रण राहण्याचा संभव वाढतो आणि तिची तज्ज्ञांकडून तपासणी व्हायला हवी.

डॉक्टरांकडे जाण्याची वेळ ओळखण्याच्या बाबतीत आपले ‘त्रास कायम राहिल्यास’ हे शब्द धोक्याचे आहेत, असे मी स्पष्टपणे म्हणते. खोल भाजल्यावर संवेदना वाहून नेणारे चेतातंतूच नष्ट होतात आणि दुखणे कमी होते. पांढरी, तपकिरी किंवा चामड्यासारखी कडक झालेली, दाबल्यावर रंग न बदलणारी आणि फारशी न दुखणारी त्वचा ही लाल, चरचरणाऱ्या त्वचेपेक्षा जास्त गंभीर असते, पण वेष्टनावरच्या भाषेनुसार त्या रुग्णाचा त्रास कायम राहिलेला नसतो. तो संपलेला असतो. त्याऐवजी खुणा सांगा. चेहरा, डोळ्यांचा परिसर, जननेंद्रिये किंवा सांध्यावरची त्वचा सोलली असेल. जखम रुग्णाच्या स्वतःच्या बोटांसह तळहाताएवढी, म्हणजे शरीराच्या सुमारे एक टक्का पृष्ठभागाएवढी किंवा त्याहून मोठी असेल. फोड आले असतील. भाग पांढरा किंवा बधिर झाला असेल. रुग्ण लहान मूल, गरोदर स्त्री किंवा मधुमेही असेल. यांपैकी काहीही असले तर त्याच दिवशी दाखवावे. दोनतीन दिवसांनी कमी होण्याऐवजी लाली पसरू लागली, पू झाला, लाल रेघ वर चढू लागली किंवा ताप आला तर संसर्ग झालेला असू शकतो आणि तेथे पोटातून घ्यायची औषधे लागू शकतात.

जखम भरल्यावर जो काळसर डाग राहतो त्याने रुग्ण जखमेपेक्षा जास्त दिवस खचलेला असतो. दाहानंतर त्वचेतील रंगपेशी जादा रंगद्रव्य तयार करतात. सावळ्या आणि गडद त्वचेत हे अधिक ठळक होते आणि ओसरायला महिने लागतात. ऊन लागले की डाग गडद होतो, म्हणून उघड्या भागावर जखम भरताच ३० किंवा त्याहून अधिक एसपीएफचे, सुगंधरहित सनस्क्रीन रोज लावावे. डाग घासून, ब्लीच करून किंवा ‘गोरे करणारी’ क्रीमे लावून जात नाही. नवा दाह झाला की नवा डाग पडतो. ॲझेलाइक आम्लासारखी औषधे उपयोगी पडतात, पण त्वचा पूर्ण शांत झाल्यावर आणि देखरेखीखाली. तोवर त्या जागेचे केस कात्रीने किंवा ट्रिमरने कापणे एवढेच करावे. क्रीमने भाजले म्हणून त्याच आठवड्यात वॅक्सिंग करून घेणाऱ्या रुग्णांची कातडी मेणाबरोबर निघालेली मी पाहिली आहे, आणि ट्रेटिनॉइन लावणाऱ्यांच्या बाबतीत तर हे न भाजताही घडते.

आता वापराआधीच्या सूचनांकडे वळते, कारण तेथेही काही मजकूर बदलण्यासारखा आहे. थोड्या जागेवर क्रीम लावून २४ तास वाट पाहावी, असे आपण लिहिता. हातावर चाचणी घेऊन ओठावर क्रीम लावणाऱ्याला त्या चाचणीने काही कळत नाही. चाचणी त्याच भागाच्या कोपऱ्यात घ्यायची असते. ॲलर्जी तीन दिवसांनीही उगवू शकते, म्हणून २४ तासांची चाचणी मुख्यतः दाहापुरतीच भरवशाची आहे, हेही सांगायला हवे. चाचणी दर वापरापूर्वी करावी असे छापलेले असते, पण ती कोणीच करत नाही हे आपल्याला ठाऊक आहे आणि आपल्या वकिलांनाही. याहून मोठा आक्षेप ‘हलकी चुणचुण होणे स्वाभाविक आहे’ अशा अर्थाच्या, वेष्टनावरच्या किंवा जाहिरातीतल्या मजकुराला आहे. रुग्ण ते वाक्य धरून बसतो. आग होत असताना तो धुवायला उठत नाही, कारण हे होणारच असे त्याला आपणच सांगितलेले असते. ‘कोणतीही आग ही क्रीम काढण्याची वेळ आहे’ असे लिहिल्याने काही केस अर्धवट राहतील, एवढेच होईल.

‘संवेदनशील त्वचेसाठी’ या शब्दांचेही तसेच. त्या ट्यूबमध्ये कोरफडीचा रस, बदामाचे तेल किंवा आणखी काही असेल, परंतु केस निघतो तो थायोग्लायकोलेट आणि अल्क यांनीच, आणि त्यांच्याशिवाय आपले क्रीम केस काढणार नाही. एक्झिमा असलेला रुग्ण ते शब्द वाचून निर्धास्त होतो. सुखदायक घटकांची नावे समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत आणि काम करणाऱ्या रसायनाचे नाव मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत, ही मांडणी कायद्यात बसत असली तरी तिचा बचाव करणे कठीण आहे.

माझ्या मागण्या अवघड नाहीत. प्राथमिक उपचाराचा मजकूर ट्यूबवरच छापावा, कारण खोके आणि आतली घडीची पत्रिका पहिल्याच दिवशी कचऱ्यात जाते आणि भाजण्याची घटना बहुधा न्हाणीघरात, ओल्या हातांनी, चष्मा नसताना घडते. त्यात ‘धुवा’ इतके न लिहिता ‘वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे’ असे लिहावे. ज्यांनी क्रीम वापरू नये त्यांची यादी करताना औषधांची नावे द्यावीत. ‘त्वचेवरील उपचार सुरू असल्यास’ या शब्दांवरून मुरुमांचे जेल लावणाऱ्या मुलीला हे आपल्याबद्दल आहे असे वाटत नाही, ट्रेटिनॉइन, ॲडापलीन आणि आयसोट्रेटिनॉइन ही नावे वाचून मात्र वाटते. दाढी केल्यावर किंवा आधीच्या वापरानंतर ७२ तास थांबण्याची सूचना वेळेच्या सूचनेच्या शेजारी आणावी. चेहऱ्याचे आणि अंगाचे क्रीम वेगवेगळ्या रंगांच्या झाकणांत द्यावे, म्हणजे घाईत अदलाबदल होणार नाही.

शेवटची मागणी आम्हा डॉक्टरांच्या कामाची आहे. ॲलर्जीचा संशय असलेल्या रुग्णाची पॅच टेस्ट आम्ही पुरळ पूर्ण बसल्यावर करतो: पाठीवर संशयित पदार्थांच्या चकत्या लावून ४८ तासांनी काढतो आणि ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा वाचन करतो. आपले क्रीम मात्र आहे तसे पाठीवर लावून ठेवता येत नाही, कारण ४८ तासांत ते कोणाचीही त्वचा पोळेल. त्यामुळे त्यातील घटक सुटे सुटे तपासावे लागतात. घटकांच्या यादीत ‘सुगंध’ असा एकच शब्द असला की माझा शोध तेथेच अडतो, आणि रुग्णाला यापुढे नेमके काय टाळायचे हे न सांगता घरी पाठवावे लागते. तेव्हा आपल्या कंपनीत एक अधिकारी असा नेमावा, ज्याला डॉक्टरांनी उत्पादनाचा बॅच क्रमांक कळवल्यास तो सुगंधातील घटकांची पूर्ण यादी आणि तपासणीसाठी योग्य प्रमाणात पातळ केलेले नमुने आठवडाभरात पाठवेल. त्याच अधिकाऱ्याकडे भाजण्याच्या तक्रारीही नोंदवल्या जाव्यात, आणि त्याचा संपर्क ट्यूबवर, प्राथमिक उपचाराच्या ओळींखाली छापलेला असावा.

कळावे,

आपली,
एक त्वचारोगतज्ज्ञ